शुल्क शून्य, फटका पावणेसात लाखांचा: भोसरीच्या व्हॉल्व्हचं प्रकरण

हे प्रकरण प्रशिक्षणासाठी बांधलेलं आहे. कंपनी, ऑर्डर आणि रुपयांचे आकडे रचलेले आहेत. करार आणि तारखा खऱ्या आहेत; नियमही, जिथे ‘धरला आहे’ असं म्हटलंय ते सोडून. भोसरी, चाकण, तळवडे पट्ट्यातल्या कुठल्याही मध्यम कारखान्यात उद्या घडू शकेल, एवढंच त्याचं वास्तव.

ऑर्डर

भोसरी एमआयडीसीतली एक कंपनी एसजी आयर्नचे (चिवट ओतीव लोखंडाचे) औद्योगिक व्हॉल्व्ह बनवते. जगभर वापरल्या जाणाऱ्या वस्तू-वर्गीकरणातला त्यांचा क्रमांक, म्हणजे एचएस कोड, ८४८१.८०. दुबईजवळच्या जेबेल अलीचा एक व्यापारी चारशे नगांची चौकशी पाठवतो. कंपनीचा नेहमीचा एफओबी दर (जहाजावर चढवेपर्यंतचा, भाडं-विमा सोडून) नगाला २०,००० रुपये. व्यापारी लिहितो: भारत आणि यूएई यांच्यात सर्वंकष व्यापार करार झालाय, तुमच्या मालावरचं ५ टक्के शुल्क आता शून्य आहे, त्यातला निम्मा वाटा मला द्या.

मागणी रास्त वाटण्यासारखीच होती. करारावर १८ फेब्रुवारी २०२२ रोजी सह्या झाल्या, १ मे २०२२ पासून तो लागू झाला आणि मूल्याने पाहता भारताच्या सुमारे ९० टक्के निर्यातीवरचं शुल्क यूएईने पहिल्याच दिवशी काढून टाकलं. मार्केटिंगवाल्यांनी अडीच टक्के सूट दिली. दर १९,५०० झाला, चारशे नगांचे ७८ लाख. भाडं आणि विमा मिळून दोन लाख, म्हणजे जेबेल अली सीआयएफ (भाडं-विम्यासह) ८० लाख, नगाला बरोबर २०,०००.

पीओमध्ये, म्हणजे खरेदी-आदेशात, दोन ओळी होत्या. एक, ‘करारानुसार शुल्कलाभ मिळाला नाही तर शुल्काचा भार विक्रेत्यावर.’ दुसरी डिस्पॅचच्या सूचनांमध्ये, बारीक टायपात: ‘१५० नग दुबई, २५० नग पुढे दम्माम.’ पहिली ओळ अकाउंट्सने वाचली आणि नेहमीचीच म्हणून सोडून दिली. दुसरी पॅकिंगवाल्याने वाचली, कारण पेट्यांवर मार्किंग त्यालाच करायचं होतं. दोन्ही ओळी एकत्र कोणीच वाचल्या नाहीत.

दम्माम कुठे आहे?

दम्माम सौदी अरेबियात आहे, आणि इथून खरी गोष्ट सुरू होते. यूएई, सौदी, कुवेत, कतार, बहारीन आणि ओमान या सहा देशांची आखाती सहकार्य परिषद आहे आणि १ जानेवारी २००३ पासून त्यांचा सीमाशुल्क संघ आहे. ऑफिसमध्ये कोणीतरी म्हणालं, “एकाच संघात आहेत ना सगळे, मग दुबईत शून्य म्हणजे दम्माममध्येही शून्यच.” ऐकायला इतकं सरळ की कोणी हरकत घेतली नाही.

सीमाशुल्क संघ म्हणजे काय हे पुणेकराला समजवायला युरोपात जायची गरज नाही. ३१ मार्च २०१३ पर्यंत पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिका जकात घ्यायच्या. समजा, तेव्हा दोघींनी ठरवलं असतं की आपसात जकात नाही. तो झाला मुक्त व्यापार. वर असंही ठरलं असतं की बाहेरून येणाऱ्या मालावर दोघींचा दर एकच, आणि माल कुठल्याही नाक्यावरून आला तरी जकात एकदाच. तो झाला सीमाशुल्क संघ. संघाची खरी खूण हा बाहेरचा समान दर असतो. आतली मोकळीक मुक्त व्यापार करारातही असते.

आता पिंपरी-चिंचवडने एकटीनेच नाशिकच्या व्यापाऱ्यांशी करार करून त्यांच्या मालाची जकात माफ केली तर? पुण्याला तो माल बिनजकातीचा नको असेल, तर दोन शहरांच्या सीमेवर, दापोडीच्या हॅरिस पुलावर नवा नाका बसवावा लागेल. नाहीतर सगळा नाशिकचा माल पिंपरी-चिंचवडच्या मोशीवरून आत येईल आणि पुण्याची तिजोरी रिकामी.

यूएईने भारताशी केलेला करार नेमका हाच. तो यूएईने एकट्याने केला आहे. सौदी त्यात पक्ष नाही, त्यामुळे शून्य शुल्काचं कुठलंही बंधन सौदीवर नाही. असं पहिल्यांदाच घडतंय असंही नाही. बहारीनने २००४ मध्ये अमेरिकेशी स्वतंत्र करार केला तेव्हा सौदीने उघड नाराजी दाखवली होती. ओमाननेही पुढे अमेरिकेशी केला. डिसेंबर २०२५ मध्ये ओमानने भारताशीही सही केली. पुस्तकात सीमाशुल्क संघाचे सदस्य बाहेरच्यांशी एकत्र बोलणी करतात. आखातात पुस्तक आणि व्यवहार यांत अंतर आहे, आणि हे अंतर माहीत असणं हीच तज्ज्ञाची किंमत.

युरोपीय संघ आणि तुर्कस्तान यांचा सीमाशुल्क संघ घेतला तर वागणं उलटं दिसतं. तो १९९५ च्या अखेरीस सुरू झाला. तिथे औद्योगिक मालाने एकदा समान शुल्क भरलं की तो ‘मुक्त संचारात’ आला. तुर्कस्तानातून जर्मनीला जाताना मूळ कुठलं हे विचारत नाहीत, ए.टी.आर. नावाचा दाखला पुरतो. पण युरोपीय संघाने तिसऱ्या देशाशी करार केला की त्या देशाच्या मालाला तुर्कस्तानची दारं उघडतात आणि तुर्की मालाला त्या देशात मात्र आपोआप काहीच मिळत नाही. अंकाराला स्वतंत्र वाटाघाट करावी लागते. म्हणजे ‘सीमाशुल्क संघ’ या एकाच पाटीखाली दोन वेगळी दुकानं आहेत. एकाचा अनुभव दुसऱ्याला लावला की फसगत ठरलेली.

२५० नगांचं काय झालं

व्यापाऱ्याने चारशेच्या चारशे नग यूएईत करारानुसार शून्य शुल्काने आयात केले आणि त्यातले २५० ट्रकने दम्मामला काढले. सौदी कस्टम्सने शुल्क मागितलं.

आखाती संघात साधारण व्यवस्था अशी आहे: माल ज्या देशात पहिल्यांदा शिरतो तिथे शुल्क भरायचं, आणि पुढे दुसऱ्या सदस्य देशात गेला की ‘मकासा’ या हिशेब-पद्धतीने ते पैसे शेवटच्या देशाकडे वळते होतात. आयातदाराला दुसऱ्यांदा भरावं लागत नाही. इथे वळतं करायला काही जमाच नव्हतं, कारण जेबेल अलीत शून्य भरलेलं. सौदीला आपला वाटा थेट घ्यावा लागला. तोही व्यापाऱ्याच्या सौदी ग्राहकाला लावलेल्या दरावर, नगाला २२,००० धरून: ५५ लाखांवर ५ टक्के, म्हणजे २ लाख ७५ हजार.

५ टक्के हा आखाताचा ठरलेला समान दर आहे आणि हिशेब सोपा राहावा म्हणून इथे तोच धरला आहे. प्रत्यक्षात सौदीने १० जून २०२० पासून बऱ्याच वस्तूंवर आपला दर वाढवला आहे, म्हणजे ‘समान’ दरही आता पुरता समान राहिलेला नाही. त्यामुळे दर वस्तूच्या पूर्ण कोडावर, त्या महिन्यातला, दम्मामच्या ब्रोकरकडून लेखी घ्यायचा. शिवाय सौदीचा व्हॅट १ जुलै २०२० पासून १५ टक्के आहे. नोंदणीकृत आयातदाराला तो परत मिळतो, पण तोवर खेळतं भांडवल अडकतं. आणि सौदीच्या साबर या ऑनलाइन पोर्टलवरची उत्पादनाची आणि खेपेची प्रमाणपत्रं हा शुल्कापेक्षा वेगळा विषय आहे. शुल्क शून्य असलं तरी ती लागतातच.

खरा घाव दुसरीकडे बसला

इथवर नुकसान पावणेतीन लाखांचं होतं आणि ते कोणी सोसायचं यावर भांडता आलं असतं. तीन महिन्यांनी यूएई कस्टम्सकडून मूळ-पडताळणीची विचारणा आली: हा माल खरोखर भारतीय आहे का?

करारातली सवलत भारतातून ‘आलेल्या’ मालाला नसते, भारताचं ‘मूळ’ असलेल्या मालाला असते. हे मूळ ठरवायचा नियम वस्तूवार असतो आणि करारासोबतच्या परिशिष्टात सापडतो. या प्रकरणासाठी असा नियम धरला आहे: आयात सुट्या भागांचा उपशीर्षक कोड, म्हणजे पहिले सहा आकडे, तयार मालापेक्षा वेगळा हवा आणि एफओबीवर किमान ४० टक्के मूल्यवर्धन (दरातून आयात माल वजा करून उरतं ते) हवं.

पहिली अट पुरी होत होती, पण थोडक्यात. चीनहून येणारं बॉडी कास्टिंग कच्चं असलं तरी त्याचा आकार व्हॉल्व्हच्या बॉडीचाच असतो, म्हणून ते ८४८१.९० खाली, व्हॉल्व्हचे भाग म्हणून बसतं. तयार व्हॉल्व्ह ८४८१.८०. सहा आकडे बदलले, पहिले चार तेच राहिले. नियम चार आकड्यांच्या बदलाचा असता, तर यंत्रशाळेत कितीही मशिनिंग केलं तरी हा व्हॉल्व्ह भारतीय ठरला नसता. दोन आकड्यांचा हा फरक वाटाघाटीच्या खोलीत ठरतो. त्याकडे पुढे येऊ.

दुसरी अट. निर्यात विभागाने डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) ई-सीओओ पोर्टलवर मूळ-दाखल्यासाठी अर्ज करताना जुना कॉस्टशीट जोडला होता. त्यात आयात माल एवढाच: कास्टिंग ७,४०० आणि सीट-सीलचा संच ९००, एकूण ८,३००. २०,००० च्या दरावर मूल्यवर्धन ५८.५ टक्के. निवांत.

दरम्यान दोन गोष्टी बदलल्या होत्या. कास्टिंग ७,६०० वर गेलं होतं. आणि व्यापाऱ्याने गिअर ऑपरेटर (व्हॉल्व्ह फिरवणारा गिअरबॉक्स) एका युरोपीय ब्रँडचाच हवा असा आग्रह धरला होता. तो नगाला ३,४००. आधी हा भाग चिंचवडच्या पुरवठादाराकडून यायचा, म्हणून तो आयातीत मोजला जात नव्हता. खरेदी विभागाला हे सगळं ठाऊक होतं. त्यांना निर्यात विभागाने विचारलं नाही आणि त्यांनी आपणहून सांगितलं नाही.

नवा हिशेब असा:

आयात माल = ७,६०० + ९०० + ३,४०० = ११,९००
जुन्या दराने: (२०,००० − ११,९००) ÷ २०,००० = ४०.५ टक्के
सूट दिल्यावर: (१९,५०० − ११,९००) ÷ १९,५०० = ३८.९७ टक्के

नीट पाहा. मूळ दराला व्हॉल्व्ह काठावर का होईना, पात्र होता. शून्य शुल्काच्या नावाने दिलेल्या पाचशे रुपयांच्या सुटीने शून्य शुल्काची पात्रताच घालवली. आयात माल ११,९०० असताना दर १९,८३४ रुपयांखाली नेताच येत नव्हता, म्हणजे सवलतीला वाव होता नगाला १६६ रुपयांचा. हा हिशेब मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर अर्ध्या मिनिटात होतो: आयात मालाला ०.६ ने भागा.

यूएईने सवलत नाकारली आणि संपूर्ण ८० लाखांवर ५ टक्के, म्हणजे चार लाख वसूल केले. त्यात दम्मामला गेलेले २५० नगही आले. त्या नगांवर आता दोनदा शुल्क पडलं: एकदा सौदीत थेट, एकदा यूएईत मागाहून. सुरुवातीलाच जेबेल अलीत सवलत न घेता ५ टक्के भरले असते, तर ते मकासाने सौदीकडे वळते झाले असते. पीओतल्या त्या ओळीमुळे चार लाख आणि पावणेतीन लाख, दोन्ही कंपनीच्या नावावर चढले. पावणेसात लाख. सूट दिल्यावर ७८ लाखांच्या ऑर्डरवर कंपनीने धरलेला नफा ८ टक्के, म्हणजे ६ लाख २४ हजार. सुटीचे दोन लाख तर आधीच गेले होते.

शुल्कापेक्षाही महागात पडू शकणारी एक गोष्ट: जुना कॉस्टशीट जोडून घेतलेला मूळ-दाखला म्हणजे चुकीचं निवेदन. हेतू नव्हता हे खरं, पण पुढच्या प्रत्येक दाखल्याला दाखला देणारी संस्था भिंगातून पाहते. चूक आपल्याच लक्षात आली, तर विचारणा येण्याआधी संस्थेला आणि आयातदाराला लेखी कळवून दाखला मागे घ्यायचा. शुल्क भरावं लागतं, पण नाव राहतं.

कोणाला काय विचारायला हवं होतं

कंपनीने सल्ला घेतलाच नव्हता असं नाही. क्लिअरिंग एजंटला फोन गेला होता: “यूएईला शून्य आहे ना?” तो म्हणाला, “हो, शून्य आहे.” त्याचं उत्तर बरोबर होतं. प्रश्न अपुरा होता. एजंटचं काम शिपिंग बिल, कोड आणि न्हावा शेव्याची कागदपत्रं; तुमचं बिल ऑफ मटेरियल (सुट्या भागांची यादी) त्याने पाहिलेलं नसतं आणि माल शेवटी कुठे जाणार हे त्याला कोणी सांगत नाही. आपल्याकडे मात्र निर्यातीतला प्रत्येक प्रश्न एजंटच्या गळ्यात मारायची पद्धत पडली आहे.

मूल्यवर्धनाचा तक्ता कॉस्ट अकाउंटंटकडून, ऑर्डरच्या दराने आणि त्या महिन्याच्या खरेदी दराने करून घ्यायचा. कोटेशन जाण्याआधी, डिस्पॅचच्या दिवशी नव्हे. ४० च्या नियमाला घरातली मर्यादा ४५ ठेवली, तर कास्टिंगच्या दरातला चढउतार सोसतो. देशांतर्गत खरेदीबाबत एक फसवी जागा आहे: भोसरीतल्या ट्रेडरचं जीएसटी बिल आलं म्हणून माल भारतीय होत नाही. तो गिअरबॉक्स त्याने आयात करून शेल्फवर ठेवलेला असू शकतो. उत्पादकाकडून मूळाचं लेखी घोषणापत्र घ्यायचं आणि फाइल किमान पाच वर्षं ठेवायची.

माल शेवटी कुठे जाणार, हा प्रश्न खरेदीदाराला लेखी विचारायचा, आणि त्या देशाच्या शुल्काबद्दल तिथल्याच ब्रोकरला. पीओतल्या शुल्क-भाराच्या ओळीसाठी तासभर वकील. ‘शुल्कलाभ’ या शब्दापुढे ‘फक्त यूएईत, अंतिम वापरासाठी आयात झालेल्या मालावर’ एवढे शब्द पडले असते, तरी पावणेतीन लाख वाचले असते. या सगळ्याचा खर्च पहिल्या ऑर्डरला चाळीस-पन्नास हजार धरा. पुढच्या ऑर्डरना तक्ता तयार असतो.

कारखान्याच्या पलीकडे

वर उल्लेख केलेला चार आकडे की सहा आकडे हा नियम दिल्लीत ठरतो, आणि तिथे उद्योगाचं म्हणणं पोचायची वाट म्हणजे वाणिज्य मंत्रालय कराराआधी मागवतं ती मतं. पुण्यात मराठा चेंबर ही उद्योग-व्यापाराची संस्था १९३४ पासून आहे, क्षेत्रवार संघटना आहेत. तरी संघटनांची पत्रं बहुधा एका वाक्याची असतात: आमच्या मालावरचं शुल्क शून्य करा. वाटाघाट करणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नसतो. त्याला हवं असतं: कोड ८४८१.८०, समोरच्या देशाचा आजचा दर, आमच्या मालात आयात भागांचं प्रमाण, ते भाग कुठल्या कोडात, म्हणून नियम सहा आकड्यांच्या बदलाचा हवा, चारचा चालणार नाही. एवढं लिहायला एचएस वर्गीकरण जाणणारा माणूस लागतो आणि खर्चाचे खरे आकडे द्यायला तयार असलेले सभासद लागतात. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा दुर्मीळ.

देशांचंही हेच होतं. ब्रिटन १९७३ मध्ये युरोपीय समुदायात गेला आणि व्यापाराची बोलणी ब्रुसेल्सकडे गेली. त्रेचाळीस वर्षांनी बाहेर पडायचं ठरलं, तेव्हा लंडनकडे अनुभवी वाटाघाटकारांची वानवा होती. २०१७ मध्ये न्यूझीलंडचे व्यापार-वाटाघाटकार क्रॉफर्ड फाल्कनर यांना आणावं लागलं. सीमाशुल्क संघात राहायचं की नाही यावर संसदेत महिनोन्‌महिने वाद चालला. त्यातल्या अनेकांना वाटत होतं की संघात राहिलं की सरहद्दीवर ट्रक थांबणारच नाहीत. तुर्कस्तान आणि बल्गेरियाच्या सीमेवरच्या कापिकुलेला ट्रकांच्या रांगा त्यांनी पाहिल्या नसाव्यात: शुल्क नसलं तरी मानकं, परवाने आणि वाहतुकीचे कोटे तपासलेच जातात.

अर्थशास्त्रज्ञ जेकब वायनर यांनी १९५० मध्येच दाखवलं होतं की सीमाशुल्क संघाने व्यापार वाढतोच असं नाही. कधी तो स्वस्त परक्याकडून महाग शेजाऱ्याकडे नुसता वळतो. भोसरीच्या भाषेत: सौदीतल्या ठेकेदाराला आखातातच बनलेला व्हॉल्व्ह बिनशुल्क मिळतो म्हणून तो घेतला जातो, आपला स्वस्त असूनही. भारताने पूर्ण आखाती परिषदेशीच करार करायचा चौकट-करार २५ ऑगस्ट २००४ रोजी केला होता. २००६ आणि २००८ मध्ये फेऱ्या झाल्या आणि पुढे बरीच वर्षं गाडी तिथेच अडली. तो झाला असता, तर दम्मामचा प्रश्न उद्भवलाच नसता.

काहींना सुचतं की जेबेल अलीच्या फ्री झोनमध्ये (सीमाशुल्कमुक्त क्षेत्रात) नुसती जुळणी करून माल ‘आखाती’ म्हणून सौदीला पाठवावा. ती वाट सौदीने जुलै २०२१ मध्ये बंद केली. त्या नियमाने फ्री झोनमध्ये बनलेला माल स्थानिक धरणं थांबवलं, आणि झोनबाहेरच्या कारखान्यालाही ४० टक्के मूल्यवर्धन आणि २५ टक्के स्थानिक मनुष्यबळाची अट घातली.

दुसरी ऑर्डर

व्यापारी परत आला, पुन्हा चारशे नग, तेच वाटप. या वेळी दोन पीओ झाले. दुबईचे १५० नग चिंचवडच्या गिअर ऑपरेटरसह: आयात माल ८,५००, दर १९,५००, मूल्यवर्धन ५६.४ टक्के. त्यामुळे सूट देता आली. दम्मामचे २५० न्हावा शेव्याहून थेट, युरोपीय ऑपरेटर तसाच ठेवून, २०,००० दराने; करारातल्या सवलतीचा दावा नाही, मूळ-दाखला साधा, शुल्क सौदी खरेदीदाराने भरायचं. जेबेल अलीचा हेलपाटा आणि तिथली हाताळणी वाचल्याने सौदी खरेदीदाराला हा दर परवडला.

बॉडी कास्टिंग कोल्हापूरच्या फाउंड्रीत उतरवायचा प्रयत्न सोबत सुरू आहे. ओतकामाचा नमुना (पॅटर्न) कंपनीचा, पहिले बारा नग हायड्रो टेस्टला (पाण्याच्या दाबाच्या चाचणीला) लावले. त्यातले दोन नग फ्लँजच्या (जोडणीच्या कडेच्या) मुळाशी पाझरले. फाउंड्रीने रायझरची (साच्यातल्या जादा धातूच्या साठ्याची) जागा बदलून दुसरा लॉट ओतलाय.